फोन बंद असला तरी घड्याळ चालू राहतं

‘फोन बंद पडला की सेल्युलर (मोबाइल नेटवर्कवर चालणारं) घड्याळ म्हणजे नुसतं वेळ बघायचं यंत्र’ हा समज कित्येक वर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. भारतात सेल्युलर ॲपल वॉच 2018 मध्ये आलं, तेव्हापासून त्यात स्वतःचं ई-सिम (आतच बसवलेलं डिजिटल सिम) आहे. नंबर फोनचाच, पण मोबाइल टॉवरशी घड्याळ थेट बोलतं. त्यामुळे आयफोन घरी बंद पडलेला असतानाही कॉल येतात, लावताही येतात. अर्थात ऑपरेटरकडे घड्याळाची सेवा सुरू केलेली हवी. घड्याळाच्या कंट्रोल सेंटरमधलं (झटपट बटणांच्या पडद्यावरचं) सेल्युलरचं बटण हिरवं दिसलं की समजायचं, जोडणी झाली.

गोंधळ होतो तो मेसेजमुळे. आयमेसेज, म्हणजे ॲपलच्या उपकरणांमधला इंटरनेटवरून जाणारा मेसेज, फोनशिवाय येतो. साधा एसएमएस मात्र आयफोनमार्गेच घड्याळावर पोहोचतो. फोन लांब असला तरी चालेल, पण तो चालू आणि नेटवर्कवर हवा. म्हणजे फोन बंद ठेवून फिरायला गेलात आणि दुकानात बँकेचा ओटीपी लागला, तर मनगटाकडे कितीही वेळ बघत बसलात तरी तो येणार नाही. काही ॲप्सच्या नोटिफिकेशन्सचंही तसंच. एवढ्यावरून लोक ‘घड्याळ चालतच नाही’ म्हणून मोकळे होतात.

बॅटरीचं मात्र खरंच जपा. अनेक मॉडेल्ससाठी ॲपलने सांगितलेल्या बॅटरीच्या 18 तासांत एलटीईचे (थेट मोबाइल नेटवर्कवरचे) फक्त 4 तास धरलेले असतात. आईवडिलांना घड्याळ देणार असाल, तर आधी घरीच फोन बंद करून, घड्याळाचं वायफायही बंद करून एक कॉल लावून बघा.