हा लाँचर आला कुठून?

जानेवारी 2013 मध्ये सीरियाच्या दक्षिणेकडच्या दरा प्रांतातून यूट्यूबवर येणाऱ्या व्हिडिओंमध्ये काही अनोळखी शस्त्रं दिसायला लागली. बंडखोरांच्या हातात कलाश्निकोव्ह रायफल किंवा आरपीजी-7 रॉकेट लाँचर दिसणं यात नवल नव्हतं. सीरियन लष्कराची कोठारं सोव्हिएत बनावटीच्या मालाने भरलेली होती, आणि लुटलेला माल बाहेर येणारच. पण खांद्यावरून डागायचा 90 मिमीचा एम79 ओसा रॉकेट लाँचर, 82 मिमीची एम60 रिकॉइललेस (डागताना मागे धक्का न देणारी) तोफ आणि रिव्हॉल्व्हरसारखं सहा घरांचं चक्र असलेला आरबीजी-6 ग्रेनेड लाँचर हे सगळं पूर्वीच्या युगोस्लाव्हियाकडचं. सीरियन लष्कर ते वापरताना कधी दिसलं नव्हतं.

ही गोष्ट हेरली ती एलियट हिगिन्स या इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहणाऱ्या माणसाने. शस्त्रांचं कसलंही प्रशिक्षण नाही, अरबी येत नाही, हाताला नोकरी नाही. तो रोज सीरियन गटांचे शेकडो यूट्यूब चॅनेल पाहायचा आणि दिसलेलं प्रत्येक शस्त्र, तारीख आणि ठिकाण आपल्या ब्लॉगवर नोंदवायचा. पुढे 2014 मध्ये त्याने ‘बेलिंगकॅट’ ही संस्था काढली. सगळा डोलारा उभा राहिला तो या कंटाळवाण्या नोंदींवर.

शस्त्र ओळखण्यात फसगत व्हायला वाव भरपूर. एम79 म्हटलं की अनेकांना व्हिएतनाम युद्धातला एकेक ग्रेनेड उडवणारा अमेरिकी लाँचर आठवतो. युगोस्लाव्ह ओसाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पूर्वी युगोस्लाव्हियात असलेल्या क्रोएशियाचा आरबीजी-6 ही दक्षिण आफ्रिकेच्या मिल्कोर लाँचरची नक्कल, तर जवळपास त्याच नावाचा रशियन आरजी-6 हे वेगळंच यंत्र. दोन्हींना सहा घरं, दोन्ही 40 मिमीचे. धूसर व्हिडिओत दोन्ही सारखेच जाडजूड दिसतात. मग बघायचं काय? तर भरताना बघायचं. क्रोएशियन लाँचरची मागची बाजू मुठीसकट बाजूला वळते, ग्रेनेड मागून आत जातात आणि उडवून झाल्यावर रिकामी काडतुसं काढावी लागतात. रशियन लाँचरमध्ये ग्रेनेड नळीच्या तोंडातून, म्हणजे पुढून भरतात आणि रिकामं काडतूस उरतच नाही, कारण त्या ग्रेनेडला काडतूसच नसतं. लढवय्याने लाँचर भरतानाची दहा सेकंदं चित्रित केली असतील, तर तेवढ्यात निकाल लागतो.

क्रोएशियन लाँचरच्या काडतुसाची रचनाही मोठी हुशारीची आहे. चाळीस मिमीचा जड गोळा हातातल्या हलक्या नळीतून उडवायचा, तर रायफलीसारखा दाब नळीला आणि खांद्याला झेपणार नाही. म्हणून दारू काडतुसाच्या तळातल्या एका छोट्या, मजबूत कप्प्यात जळते. तिथे दाब प्रचंड चढतो, त्यामुळे ती नीट आणि दर वेळी एकसारखी जळते. मग वायू बारीक छिद्रांतून शेजारच्या मोठ्या पोकळीत येतो, त्याचा दाब कैक पटींनी उतरतो आणि गोळा सावकाश ढकलला जातो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी रणगाडाविरोधी तोफेसाठी ही युक्ती वापरली होती. नेहमीच्या 40 मिमी ग्रेनेडचा वेग सेकंदाला सुमारे 76 मीटर आणि पल्ला 400 मीटरच्या आसपास. म्हणूनच व्हिडिओत आधी ‘धप्प’ ऐकू येतं आणि लांबवर धूर उठायला काही सेकंद जातात.

पण शस्त्र ओळखलं म्हणजे ते कुणी दिलं हे कळलं असं नाही. एखादा आरबीजी-6 कुठल्याही चोरबाजारातून येऊ शकतो. हिगिन्सचा मुद्दा वजनदार ठरला तो वेगळ्याच कारणाने. ही शस्त्रं आणि जोडीला आरपीजी-22 रॉकेट लाँचर एकाच सुमाराला, एकाच भागात दिसली आणि ही सगळी ज्याच्याकडे होती असा एक देश होता क्रोएशिया. सुरुवात झाली ती जॉर्डनच्या सीमेला लागून असलेल्या दरामध्ये, मग ती उत्तरेकडे पसरली. इतके योगायोग एकदम जुळून येणं अवघड. फेब्रुवारी 2013 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की सौदी अरेबियाने पैसे मोजून क्रोएशियाकडची शस्त्रं जॉर्डनमार्गे बंडखोरांना पोहोचवली. क्रोएशियाने इन्कार केला. पुढच्याच महिन्यात त्याच वृत्तपत्राने विमानांच्या नोंदींवरून 160 हून अधिक लष्करी मालवाहू उड्डाणांचा हिशोब मांडला.

व्हिडिओ मॉडेल सांगतो, खेप सांगत नाही. त्यासाठी धातूपर्यंत जावं लागतं. ‘कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च’ या संस्थेची माणसं थेट रणभूमीवर जाऊन जप्त शस्त्रांवरचे लॉट नंबर (एकत्र बनलेल्या खेपेचे क्रमांक), कारखान्याचे शिक्के आणि वर्षं यांचे फोटो काढतात. सप्टेंबर 2014 मध्ये त्यांनी सांगितलं की इस्लामिक स्टेटकडून हस्तगत झालेली ओसाची रॉकेट्स आणि 2013 मध्ये सौदीने सीरियन बंडखोरांना दिलेली रॉकेट्स तंतोतंत सारखी आहेत. मदत म्हणून पाठवलेला माल वर्ष-दीड वर्षात भलत्याच्याच हाती होता. याचं आश्चर्य ज्यांना वाटलं, त्यांचंच मला आश्चर्य वाटतं.

क्रमांक घासून टाकले तरी नेहमी काम फत्ते होत नाही. पोलादावर शिक्का ठोकला की खाचेखालच्या धातूची स्फटिकरचनाही चेपली जाते. वरचा थर कानसीने काढला तरी खालचा चेपलेला भाग उरतो. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर विशिष्ट आम्ल फिरवलं, तर तो भाग शेजारच्यापेक्षा वेगळ्या गतीने झिजतो आणि आकडे अंधुक उमटतात. अर्थात घासणाऱ्याने खोलवर घासलं नसेल तरच.

व्हिडिओ मात्र एका झटक्यात नाहीसे होतात. 2017 मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित गाळणीने हिंसक मजकूर म्हणून सीरियातले असंख्य व्हिडिओ उडवले. त्यात पुरावेही गेले. म्हणून ‘सीरियन अर्काइव्ह’सारखे गट प्रती जपतात आणि प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला आकडा, नोंदवून ठेवतात. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी हॅश साफ बदलतो, त्यामुळे पुढे न्यायालयात कुणी फेरफाराचा आरोप केला तर पडताळता येतं.

अशाच एका प्रकरणात भारताचंही नाव आलं. 2012 च्या अखेरीस म्यानमारच्या कचिन प्रांतात सैन्याने मागे टाकलेल्या एका कार्ल गुस्ताफ लाँचरचे फोटो बाहेर आले. म्यानमारला शस्त्रं विकायला युरोपीय संघाची बंदी होती आणि लाँचर स्वीडनचा. फोटोत अनुक्रमांक स्पष्ट दिसत होता. स्वीडनने आपल्या निर्यातीच्या नोंदी चाळल्या आणि सांगितलं की हा नग 2003 मध्ये भारताला विकला होता. असा माल परवानगीशिवाय तिसऱ्याला द्यायचा नाही, असं लेखी वचन खरेदीदार देश देतो. सीरियात महिनोन्महिने व्हिडिओ पाहून जे जुळवावं लागलं, ते इथे एका क्रमांकाने झालं, कारण विक्रेत्याने वही नीट ठेवली होती आणि ती उघडून दाखवली.