गुरुवारी वीज जाते तेव्हा

अप्पा बळवंत चौकाजवळ पुस्तकबांधणीचं दुकान असलेले आमचे एक काका परवा म्हणाले, "अरे, ती नवी फाइलसिस्टीम टाकू का कॉम्प्युटरवर? भाचा म्हणतो, जुन्या बिलांच्या प्रती आपोआप जपते. फक्त 'प्रायोगिक' असं लिहिलंय."

"गुरुवारी वीज जाते तेव्हा काय करता?"

"चहाला जातो. दुसरं काय करणार?"

काका चहाला जातात त्या क्षणी डिस्कवर काय अर्धवट राहिलंय, हाच खरा प्रश्न. फाइलसिस्टीम म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर. तिला एक बिल सेव्ह करायचं तर चार ठिकाणी लिहावं लागतं: बिलाचा मजकूर, फोल्डरमधलं फाइलचं नाव, मजकूर डिस्कच्या कुठल्या कप्प्यांत आहे त्याची नोंद आणि मोकळ्या कप्प्यांचा हिशेब. मध्येच वीज गेली तर नाव आहे पण मजकूर नाही, किंवा एकच कप्पा दोन फाइलींच्या नावावर, असले घोळ होतात. काकांच्या वडिलांनी वहीवर हे केव्हाच सोडवलं होतं. आधी रोजकीर्दीत नोंद, मग सवडीनं खतावणी. खतावणी अडली तर रोजकीर्द उघडून पुरी करायची. बऱ्याच फाइलसिस्टीम अगदी हेच करतात आणि त्या नोंदीला जर्नल म्हणतात. बीटीआरएफएससारख्या काही जणी जुन्या पानावर खाडाखोडच करत नाहीत. नवं पान लिहायचं आणि सगळ्यात शेवटी अनुक्रमणिका बदलायची.

कल्पना सोपी आहे. पण हजारो ओळींच्या कोडमध्ये कुठेतरी एक नोंद क्रम सोडून गेली, तर ते कळतं फक्त नेमक्या त्याच क्षणी वीज गेल्यावर. म्हणून 'वर्षभर चालतंय, तक्रार नाही' या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही. प्रायोगिक सॉफ्टवेअर वापरणारे बहुतेक हौशी असतात, त्यांच्याकडे बॅकअप असतो, आणि ते कॉम्प्युटर नीट बंद करतात. काका मेन स्विच पाडतात.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या ईएक्सटी-४ या फाइलसिस्टीमचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. २००६ मध्ये ती कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आली तेव्हा नावातच 'डेव्ह' ही शेपटी होती. ही अजून घडवली जातेय, एवढाच त्याचा अर्थ. डिसेंबर २००८ मधल्या कर्नलच्या २.६.२८ आवृत्तीत शेपटी गेली. लोकांनी ती रोजच्या कामाला घेतली आणि २००९ च्या सुरुवातीलाच तक्रारी आल्या: कॉम्प्युटर अचानक बंद पडला की सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होतात. ईएक्सटी-४ वेग वाढावा म्हणून मजकूर कुठे ठेवायचा हे शेवटपर्यंत ठरवत नसे. नव्या फाइलला जुनीचं नाव दिल्याची नोंद आधी पक्की व्हायची, मजकूर अजून मेमरीतच. जुनी ईएक्सटी-३ साधारण दर पाच सेकंदांनी सगळं डिस्कवर उतरवायची, त्यामुळे प्रोग्राम लिहिणारे निर्धास्त झाले होते. फाइलसिस्टीमवाले म्हणाले, 'मजकूर डिस्कवर पोचवा' असा स्पष्ट आदेश प्रोग्रामनंच द्यायला हवा, नियम तसाच आहे. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. तरीही त्यांनी कोड बदलला, आणि मला वाटतं ईएक्सटी-४ खऱ्या अर्थानं तेव्हा वयात आली.

असे क्षण मुद्दाम शोधताही येतात. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये क्रॅशमंकी हे साधन वापरलं. फाइलवर दोन-तीन छोट्या क्रिया करायच्या, वीज गेल्याचं सोंग आणायचं, मग काय उरलं ते तपासायचं. नावाजलेल्या, रोजच्या वापरातल्या फाइलसिस्टीममध्ये दहा नवे दोष निघाले. त्यातले सात २०१४ पासून तिथेच बसून होते. ॲपलनं तर तालीमच घेतली. मार्च २०१७ मध्ये आयफोन एपीएफएस या नव्या फाइलसिस्टीमवर गेले, त्याआधीच्या अपडेटमध्येच फोनवर नवी मांडणी करून, तपासून, पुन्हा जुनीवर आणलं जात होतं. वापरणाऱ्याला पत्ताही नाही.

शिवाय 'स्थिर' हा शिक्का सगळ्या अंगांना एकदम लागत नाही. बीटीआरएफएस २०२० पासून फेडोरा वर्कस्टेशन या लिनक्सच्या एका प्रकारावर आपोआप येते, पण अनेक डिस्क जोडून एखादी बिघडली तरी माहिती वाचवणाऱ्या तिच्या रेड-५ आणि रेड-६ या सोयींबद्दल तिचे कर्तेच अजून सावध करतात.

मी स्वतः एक कसोटी लावतो: मोडल्यावर दुरुस्त होते का? दुरुस्तीचा प्रोग्राम हा नेहमी सगळ्यात शेवटी लिहिला जाणारा, कोणालाच आवड नसलेला भाग. कोथरूडला घरी जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रायोगिक फाइलसिस्टीम टाकली, दर सेकंदाला छोटी फाइल लिहिणारी स्क्रिप्ट सुरू केली आणि भिंतीवरचं बटण बंद-चालू करत बसलो. पाच वेळा काही झालं नाही. सहाव्या वेळी एक फाइल उरली: नाव ठीक, तारीख ठीक, आकार शून्य. ते मी सोसलं असतं. पण दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला तर तो अर्ध्यावर थांबला, आणि त्यानंतर डिस्क उघडेचना.

काकांना हे सांगितलं.

"म्हणजे नको?"

"बिलांच्या कॉम्प्युटरवर नको. तो कोपऱ्यातला जुना आहे ना, त्यावर टाका. आणि गुरुवारी चालूच ठेवा."