चेक इंजिन दिवा (वारंवार पेटणारा)

चेक इंजिन दिवा : मोटारीच्या डॅशबोर्डवरील इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा. धूर आटोक्यात ठेवणाऱ्या यंत्रणेत बिघाड आहे असे इंजिनच्या संगणकाला (ईसीयू) वाटले की तो पेटतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या गॅरेजांत त्याला ‘इंजिन लाईट’ म्हणतात. अहिराणी बोलणारे गिऱ्हाईक ‘इंजिनना दिवा लागना’ एवढेच सांगून किल्ली पुढे करते. एकदा घालवलेला दिवा आठ-पंधरा दिवसांत परत पेटणे ही त्याची सर्वांत जास्त येणारी तक्रार असून प्रस्तुत नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे.

भारतात ही स्वयंनिदान यंत्रणा (ओबीडी), म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतः शोधण्याची सोय, बीएस-४ (भारत स्टेज) या धुराच्या मानकांसोबत आली. एप्रिल २०१० मध्ये ती मानके १३ शहरांपुरती होती. त्यांत मुंबई, पुणे, सोलापूर आणि खानदेशाजवळचे सुरत होते. खानदेशातले एकही शहर नव्हते. एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ चा टप्पा सुरू झाला, १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ देशभर आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर आली आणि डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसू लागली.

दिवा परत का येतो हे कळायला संगणकाची रीत माहीत हवी. बहुतेक दोष पहिल्यांदा दिसताच दिवा पेटत नाही. दोष ‘प्रलंबित’ म्हणून नोंदला जातो आणि पुढच्या फेरीतही (एक फेरी म्हणजे इंजिन सुरू करून चालवून बंद करणे) दिसला तर दिवा लागतो. लागोपाठ तीन फेऱ्यांत तो दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो, मात्र दोषाचा कोड (क्रमांक) स्मृतीत बराच काळ राहतो. दोष पक्का होतो त्या क्षणी इंजिनचे तापमान, मिनिटाचे फेरे (आरपीएम), वेग आणि संगणकाने इंधन किती टक्के कमी-जास्त केले होते (फ्युएल ट्रिम) याचे एक चित्रही साठवले जाते (फ्रीझ फ्रेम). स्कॅनर लावून कोड ‘उडवला’ किंवा बॅटरीची तार काढून ठेवली की हे चित्र पुसले जाते आणि दोष आहे तिथेच राहतो. गाडी येताच आधी कोड उडवण्याची सवय म्हणूनच सर्वांत नुकसानीची आहे. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लागणारा आणि मोबाईलवर चालणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरही हे चित्र वाचू शकतो. कोड आणि चित्र आधी कागदावर उतरवून घ्यावे.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतो, हा पहिला प्रश्न. लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिन जोरात ‘मिसिंग’ करते आहे (सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही) आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असलेली त्यातली चिनी मातीची जाळी अशा वेळी वितळू शकते. गाडी हळू घेऊन थांबवावी. कन्नड घाट चढत असाल तर आधी कडेला घ्यावी. स्थिर दिव्याला एवढी घाई नसते, पण त्याची सवय होऊ देणे महागात पडते.

कोडचा नंबर दोषाची जागा सांगतो, कारण नव्हे. पी०१७१ चा अर्थ ‘मिश्रण पातळ’, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, एवढाच. त्यावरून धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलणे ही हमखास होणारी चूक आहे, कारण हवा जास्त असल्याचे तो सेन्सर बरोबरच सांगत असतो. इंजिनमध्ये हवा कुठून घुसते हे स्कॅनरवरच्या ‘फ्युएल ट्रिम’च्या आकड्यांवरून समजते. समजा गाडी नुसती घुरघुरत उभी असताना ट्रिम अधिक २० टक्के आहे आणि मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर तो अधिक ३ वर येतो. मग इनटेक मॅनिफोल्डचे (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचे) गॅसकेट, तडकलेली रबरी नळी किंवा टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा, उघडाच राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह पाहावा. बाहेरून येणारी थोडी हवा कमी फेऱ्यांवरच जाणवते. उलट फेरे वाढवल्यावर ट्रिम वाढत गेला तर इंधन कमी पडते आहे, म्हणजे पंप किंवा फिल्टर. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर आहे, तिथे त्याच्या तारेवर बसलेली बारीक धूळही हेच दाखवते. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना काळ्या मातीच्या शिवाररस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीला एअर फिल्टरची किलोमीटरवारी पुस्तकातली लावू नये, आधीच बदलावा. रबरी नळ्याही या उन्हात लवकर कडक होतात. बोटाने दाबून वाकवली की बाहेरून धड दिसणारी नळी वळणावर उकलते आणि आत काळी चीर दिसते. ती नजरेने सापडत नाही, दाबूनच सापडते.

इथेनॉलचे प्रमाण २० टक्के असलेल्या पेट्रोलचा इथे वाटा आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. ई-२० ला साडेतेराच्या आसपास. संगणक त्याप्रमाणे इंधन वाढवतो आणि ट्रिम वर सरकतो. जुन्या गाडीत आधीच थोडी गळती असेल तर एवढ्याने ट्रिम मर्यादेच्या पलीकडे जातो. मग दोष पेट्रोलवर टाकला जातो आणि गळती तशीच राहते.

पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर कमी काम करतो, हा सर्वांत खर्चिक कोड. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली होतो आणि मागच्याने जवळपास स्थिर राहायचे असते; मागचाही तसाच नाचू लागला की कोड येतो. पण मागच्या सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरच्या जोडाला बारीक भोक असेल तर तिथून हवा आत ओढली जाते आणि वाचन बिघडते. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओले फडके धरले की त्या जोडातून फुसफुस ऐकू येते. हे न पाहता कन्व्हर्टर बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाया घालवणे. कन्व्हर्टर खरोखरच मेलेला असेल तर तो कशाने मेला, मिसिंगने की इंजिन ऑईल जाळल्याने, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये, नवाही मरेल.

केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावल भागात, आणखी एक कारण नेहमी भेटते: उंदीर. गोठ्याशेजारी किंवा बागेत रात्रभर उभ्या गाडीच्या गरम इंजिनवर ते बसतात आणि ऑक्सिजन सेन्सरची तार कुरतडतात. बहुतेक सेन्सरला चार तारा असतात. त्यांतल्या एकाच रंगाच्या दोन सहसा आतल्या हीटरच्या. हीटरच्या दोषाचा पी०१३५ किंवा पी०१४१ आला की नवा सेन्सर आणण्याआधी फ्यूज पाहावा, मग मल्टीमीटरने त्या दोन तारांमधला रोध मोजावा. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत आहे, दोष वायरिंगमध्ये शोधावा. बऱ्याचदा तार तुटलेली नसते; कनेक्टरच्या पिनेवर हिरवट गंज असतो. गाडी हलली की जोड सुटतो आणि दिवा कधी लागतो, कधी विझतो.

डिझेल गाड्यांत मुख्यतः डीपीएफ आणि ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) यांचे दोष पुन्हा पुन्हा येतात. काजळी जाळायला जाळी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावी लागते. घर ते शेत, शेत ते बाजार समिती अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ती कधीच तापत नाही. आठवड्यातून एकदा जळगाव ते भुसावळ, पंचवीसेक किलोमीटर, एका वेगाने न थांबता जाऊन यावे. जाळी जळत असताना पंखा जोरात फिरतो आणि रबर तापल्यासारखा वास येतो; घाबरून किल्ली बंद करू नये. जाळी काढून पोकळ नळी बसवणे बेकायदेशीर आहे आणि धूर सगळ्या गल्लीला भोगावा लागतो.

ज्या डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी डीईएफ हे द्रव लागते त्यांत घरातला युरिया पाण्यात कालवून ओतण्याचा मोह शेतकरी घरात सहज होतो. डीईएफ हे ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे क्षाररहित पाण्यातले द्रावण असते. गोणीतल्या युरियाला निंबोळीचा लेप असतो आणि विहिरीच्या पाण्यात क्षार. नोझलवर पांढरे स्फटिक जमतात, दिवा पेटतो आणि अनेक गाड्या ठरावीक किलोमीटरनंतर परत सुरूच होत नाहीत.

पीयूसी मिळाली म्हणजे दिवा खोटा, असा समज आहे. पीयूसी केंद्रावर सायलेन्सरच्या तोंडाशी धूर मोजतात, संगणक वाचत नाहीत. कन्व्हर्टर अर्धा निकामी असूनही गाडी त्या क्षणी पास होऊ शकते.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी लगेच देऊ नये. रात्रभर थंड झालेल्या इंजिनपासून सुरुवात करून थोडा वेळ जागेवर, मग मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या स्थिर वेगाने चालवावी. स्कॅनरवर सर्व ‘मॉनिटर’ (संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या) पूर्ण दिसल्यावर प्रलंबित कोडांची यादी पाहावी. ती रिकामी असेल तरच गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यावी.