मेटॅलोथायोनिन: घोड्याच्या मूत्रपिंडापासून मेंदूपर्यंत

मेटॅलोथायोनिन हे प्रथिन पहिल्यांदा हाती लागलं ते घोड्याच्या मूत्रपिंडात. हार्वर्डमध्ये मार्गोशेस आणि व्हॅली यांनी 1957 साली त्यातून कॅडमियम धरून ठेवणारं प्रथिन वेगळं केलं. 1960 साली केगी आणि व्हॅली यांनी त्याचं बारसं केलं: 'मेटॅलो' धातूवरून, 'थायो' गंधकावरून. पहिली ओळखच विषारी धातूच्या सोबतीनं झाली, त्यामुळे 'विष आवरणारं प्रथिन' हा शिक्का त्याच्यावर बसला. तो अजून पुरता पुसलेला नाही.

साठ-पासष्ट अमिनो आम्लांची ही इवलीशी साखळी, पण त्यातली 20 सिस्टीन, म्हणजे गंधक असलेली अमिनो आम्लं. त्यांतलं गंधक एका गुच्छात चार आणि दुसऱ्यात तीन असे जस्ताचे सात अणू धरतं. ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही प्रकाश शोषणारी अमिनो आम्लं मात्र नाहीत. म्हणून 280 नॅनोमीटरला प्रकाशशोषण पाहून प्रथिन हुडकणाऱ्याला हे दिसतच नाही.

ताणाशी संबंध आधी यकृतात दिसला. 1978 साली उंदरांवर निरनिराळे शारीरिक ताण देऊन पाहिले, तेव्हा यकृतातलं मेटॅलोथायोनिन वाढलं. त्यानंतर लगेचच मायकेल कॅरिन यांनी पेशींना डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकासारखं औषध देऊन तोच परिणाम दाखवला, आणि 1984 मध्ये अशी संप्रेरकं आपल्या ग्राही-प्रथिनासह या प्रथिनाच्या जनुकावर नेमकी कुठे बसतात ती जागाही सापडली. म्हणजे मेटॅलोथायोनिनचं जनुक कॉर्टिसॉलमुळे थेट चालू होतं. धातूंसाठीचं बटण वेगळं, एमटीएफ-1 नावाचं प्रथिन. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना यकृत रक्तातलं जस्त ओढून घेतं, त्यातही या प्रथिनाचा वाटा आहे. अशा दिवसांत रक्ततपासणीत जस्त कमी आलं म्हणून लगेच कमतरतेचं निदान करणं घाईचं ठरतं.

मेंदूचं प्रकरण उघडलं ते 1991 मध्ये. अल्झायमर झालेल्या मेंदूच्या अर्कात चेतापेशी निरोगी मेंदूच्या अर्कातल्यापेक्षा जास्त वाढत होत्या. वाढ रोखणारा कोणता घटक तिथे कमी पडतोय, याचा जपानमध्ये उचिदा आणि सहकाऱ्यांनी माग काढला आणि 68 अमिनो आम्लांचं तिसरं मेटॅलोथायोनिन सापडलं. ते मुख्यतः चेतापेशींत असतं, आणि जस्त किंवा डेक्सामेथासोन दिलं तरी आधीपासून माहीत असलेल्या पहिल्या दोन प्रकारांसारखं वाढत नाही. ताणाला प्रतिसाद देतात ते पहिला आणि दुसरा प्रकार, तेही प्रामुख्यानं अ‍ॅस्ट्रोसाइट या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींत. म्हणून 'ताणामुळे मेंदूत मेटॅलोथायोनिन वाढलं' असं वाचलं की आधी विचारावं: कोणतं?

मोजणीतही खाचा आहेत. नमुन्यात कॅडमियम मिसळून मोजण्याच्या पद्धतीत प्रथिनातल्या जस्ताची जागा कॅडमियम घेतं, उरलेलं कॅडमियम हिमोग्लोबिन धरतं, आणि उकळल्यावर हिमोग्लोबिन साकळून तळाशी जातं; वर द्रवात राहिलेल्या कॅडमियमवरून प्रथिन किती ते कळतं. पण तांबं गंधकाला जास्त घट्ट चिकटतं, कॅडमियमला हटत नाही. तांबं जास्त असेल तर आकडा कमी येतो. उंदीर हातात धरून सुई टोचणं हासुद्धा ताणच, त्यामुळे तुलनेच्या गटाला नुसतं सलाइन टोचलं तरी त्यांचं मेटॅलोथायोनिन वाढू शकतं. न हाताळलेल्या उंदरांचा तिसरा गट ठेवलाच नसेल, तर यातलं नुसत्या हाताळण्यामुळे किती वाढलं, हे कळत नाही.