बार उडाला, पुंगळी मात्र अडकली

माझा एक मित्र क्ले शूटिंग करतो, म्हणजे मशीन हवेत बश्या फेकतं आणि याने त्या शॉटगनने फोडायच्या (बश्या नावाला मातीच्या, खरं तर डांबर आणि चुनखडीच्या असतात). मध्यंतरी मी त्याच्या मागे उभा राहून बघत होतो. दोन बश्या एकदम सुटल्या, पहिलीचा भुगा झाला आणि दुसरी आरामात जाऊन गवतात उतरली, कारण दुसरा बार उडालाच नाही. बंदुकीच्या बाजूच्या खिडकीत लाल प्लॅस्टिकची रिकामी पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं टरफल) चेपून बसलेली, बोल्टने, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याने, तिला जबड्यात धरल्यासारखं. "बंदूकच भिकार आहे" असं म्हणून गडी मोकळा. मला मात्र तो सगळा प्रकार फारच इंटरेस्टिंग वाटला, कारण अशी बंदूक अडते तेव्हा ती बहुतेक वेळा तुटलेली नसते, तिला ताकद कमी पडलेली असते, आणि ती ताकद नेमकी कुठे गेली हे शोधणं म्हणजे शाळेतलं न्यूटनचं प्रकरणच पुन्हा सोडवणं आहे.

आधी हे लक्षात घ्या की सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमध्ये ना मोटर असते ना बॅटरी. बार उडाला की बोल्टने कुलूप सोडायचं, मागे यायचं, येताना पुंगळी ओढून खिडकीतून बाहेर भिरकावायची, घोडा पुन्हा चढवायचा, मग स्प्रिंगच्या जोरावर पुढे जाताना नवीन काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं) सारायचं आणि परत कुलूप लावून बसायचं, एवढी सगळी कामं साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात. या सगळ्याचा खर्च निघतो आधीच्या काडतुसातून. चाप तुम्ही ओढता, बाकीचं सगळं उधारीवर.

आता ही उधारी किती मिळते ते बघू. २८ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटरच्या वेगाने निघाले तर त्यांचा संवेग ११.२ होतो, त्यात छर्र्यांमागचं प्लॅस्टिकचं बूच आणि जळलेल्या दारूचा वायू धरला की साधारण १३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. बंदूक ३.२ किलोची असेल तर ती सेकंदाला ४ मीटरने मागे येते आणि तिच्यात सुमारे २६ ज्यूल ऊर्जा असते. तेच २४ ग्रॅमचं हलकं काडतूस घेतलं तर वेग साडेतीनवर येतो पण ऊर्जा एकदम २० ज्यूलच्या खाली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. उलट ३६ ग्रॅमचं टाकलं की ४० ज्यूलच्या वर. म्हणजे हातात घेतल्यावर सारखीच वाटणारी दोन काडतुसं, पण धक्क्यात दुपटीचा फरक. बंदूक बनवणाऱ्याने या सगळ्या रेंजमध्ये तीच यंत्रणा चालवून दाखवायची असते आणि खरं सांगू का, ती चालते हेच नवल आहे.

माझ्या मित्राने त्या दिवशी पहिल्यांदाच २४ ग्रॅमचा खोका उघडला होता. खांद्याला त्रास कमी म्हणून. त्यामुळे पहिला संशयित तिथेच सापडला, पण गोष्ट तिथे संपली नाही, ते पुढे सांगतो.

ही उधारी वसूल करायच्या तीन पद्धती आहेत आणि तुमची बंदूक कुठल्या पद्धतीची आहे हे माहीत नसेल तर बिघाड शोधणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं. सगळ्यात आधी यशस्वी झालेली पद्धत जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक-डिझायनरची, १९०० सालच्या पेटंटची. त्यात नळी आणि बोल्ट एकमेकांना धरून काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर मागे येतात, मग बोल्ट मागेच थांबतो आणि नळी एकटी पुढे जाते. ब्राउनिंग हे डिझाइन घेऊन रेमिंग्टन या बंदूक कंपनीच्या अध्यक्षांना, मार्सेलस हार्टली यांना भेटायला गेला आणि बाहेर वाट बघत असतानाच त्यांना हार्ट अटॅक येऊन ते गेले, जानेवारी १९०२ मध्ये. मग तो बोटीने बेल्जियमला गेला आणि एफएन कंपनीने ती बंदूक काढली, तीच ऑटो-५. तिच्यात मॅगझिनच्या (नळीखाली जादा काडतुसं भरून ठेवायच्या) नळकांड्यावर घर्षणाच्या रिंगा असतात, जड काडतुसाला एका क्रमाने लावायच्या आणि हलक्याला दुसऱ्या क्रमाने. जडाची मांडणी ठेवून हलकं काडतूस वापरलं की ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखं होतं आणि बोल्ट अर्ध्या वाटेत दम टाकतो. उलटं केलं तर बंदूक चालते छान, पण प्रत्येक बाराला आतून मार खाते, तेव्हा जुनी ऑटो-५ अडत असेल तर आधी रिंगा बघा.

दुसरी पद्धत जडत्वाची. ब्रुनो चिव्होलानी नावाच्या इटालियन इंजिनिअरची, १९६७ मध्ये सुरू झालेल्या बेनेली कंपनीने ती गाजवली. बस अचानक सुटली की उभा माणूस जागेवर राहतो आणि बस पायाखालून पुढे जाते, अगदी तसंच, बार उडाला की अख्खी बंदूक मागे येते पण आतला जड बोल्ट काही क्षण जागेवरच राहतो, त्यामुळे बोल्ट आणि त्याच्या फिरत्या डोक्यामधली जाडजूड स्प्रिंग काही मिलिमीटर दाबली जाते, आणि खांद्यावर बंदूक मंदावली की तीच स्प्रिंग सुटून बोल्टला मागे फेकते. गंमत म्हणजे या पद्धतीत बंदूक हलली नाही तर काहीच होत नाही. दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) भिंतीला टेकवून बार काढला किंवा बंदुकीवर टॉर्च, जादा काडतुसांचा पट्टा असलं वजन चढवलं की तीच बंदूक हलक्या काडतुसावर अडायला लागते, कारण वस्तुमान वाढलं, मागे यायचा वेग कमी झाला, स्प्रिंग पुरती दाबलीच गेली नाही. लोक बंदुकीला शिव्या घालतात आणि दोष असतो हौसेने लावलेल्या टॉर्चचा.

याच जातीच्या बंदुकीत आणखी एक खोड असते, चाप ओढल्यावर नुसतं "टिक". बोल्ट हाताने धरून हळूच पुढे नेला, आवाज होऊ नये म्हणून, की त्याचं डोकं पुरतं फिरत नाही आणि कुलूप अर्धवट लागतं. बोल्ट पूर्ण मागे घेऊन सरळ सोडून द्यायचा, स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं, एवढाच त्यावर इलाज.

तिसरी पद्धत गॅसची, माझ्या मित्राची बंदूक याच प्रकारातली. नळीला मध्येच खालच्या बाजूने एक-दोन बारीक भोकं असतात, छर्रे तिथून पुढे गेले की मागचा गरम वायू थोडासा त्या भोकांतून खाली येतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. १२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) साध्या काडतुसात चेंबरचा दाब जास्तीत जास्त ७४० बारपर्यंत (हा बार म्हणजे दाबाचं एकक) जाऊ शकतो, गाडीच्या टायरच्या साधारण तीनशेपट. भोकापर्यंत पोचेस्तोवर तो बराच उतरलेला असतो आणि छर्रे नळीबाहेर पडले की संपलाच, सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. भोकं जेमतेम २ मिलिमीटरची. आता त्यात काजळी, शिसं आणि वितळलेल्या प्लॅस्टिकचा थर बसून ती १.६ ची झाली तर डोळ्याला काही फरक दिसणार नाही, पण क्षेत्रफळ ३६ टक्के कमी झालेलं असतं. व्यास थोडा घटतो, क्षेत्रफळ जोरात घटतं, हे पिझ्झा मागवताना आपल्याला कळतं आणि बंदूक साफ करताना विसरायला होतं.

म्हणून गॅसवाल्या बंदुकीत भोकं साफ करणं पहिलं, पाइप क्लीनरने किंवा मऊ तारेने. ड्रिल घालून भोक "जरा मोठं" करायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडा, कारण तेवढ्याने हलकी काडतुसं चालतील पण जड काडतुसावर बोल्ट मागच्या भिंतीवर घण बसल्यासारखा आदळेल. मग रबरी रिंग. काही मॉडेल्समध्ये गॅस गळू नये म्हणून एक साधी ओ-रिंग असते, ती कडक होऊन चिरली की अर्धा गॅस तिथूनच पळतो, जास्तीची एक कायम जवळ ठेवावी. दट्ट्या उलटा बसवणं हा तर साफसफाईनंतरचा लाडका घोळ. आणि मॅगझिनच्या तोंडाची टोपी, ती बार काढता काढता सैल होते, नळी किंचित पुढे सरकते आणि गॅसची गळती सुरू, हाताने घट्ट केली की बंदूक पुन्हा शहाणी. मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या, काडतुसांसाठी बनवलेल्या नळीत भोकं मुद्दाम लहान किंवा कमी असतात, त्यामुळे तिच्यात हलकी काडतुसं अडली तर तो बिघाडच नाही.

हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट आणि ती गंमतीत घेऊ नका. चाप ओढला आणि बार झालाच नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. आणि बार नेहमीसारखा "धाड" न होता "फुस्स" झाला तर लगेच दुसरा काढायचा मोह आवरा, बंदूक रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा, कारण फुसक्या बाराचं बूच नळीत अडकून बसलेलं असू शकतं आणि मागून आलेला पुढचा बार नळी फोडतो. २० बोअरचं काडतूस चुकून १२ बोअरच्या बंदुकीत गेलं तरी हेच होतं, ते घसरत पुढे जाऊन नळीत बसतं आणि वरून १२ चं काडतूस आरामात मावतं. २० बोअरची काडतुसं पिवळी असतात ती हौस म्हणून नाही.

आता पुंगळीकडे या. बंदूक खोटं बोलेल पण पुंगळी बोलत नाही. नीट चाललेली बंदूक पुंगळी दोन-तीन मीटर लांब फेकते, ती पायाशी पडायला लागली की समजायचं ताकद आटत चालली आहे, अडकायच्या कितीतरी आधी हे दिसतं. पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि तिच्या कडेला ओरखडा किंवा फाटलेला तुकडा दिसला तर पुंगळीची कड धरून ओढणारा बोल्टवरचा आकडा काम करतोय पण पुंगळी सुटत नाहीये, कडेला काहीच खूण नसेल तर आकड्याखाली कचरा बसलाय किंवा त्याची स्प्रिंग गेली आहे. खिशात एक लोहचुंबक ठेवा आणि पुंगळीच्या पितळी बुडाला लावा. चिकटला तर ते पितळ नाही, मुलामा दिलेलं स्टील आहे. पितळेचा स्थितिस्थापकता गुणांक स्टीलच्या साधारण निम्मा असतो, त्यामुळे दाबाने फुगलेलं पितळ दाब गेल्यावर जास्त आकसतं आणि चेंबरची भिंत सोडतं, स्वस्तातलं स्टील मात्र जिथे फुगलं तिथेच चिकटून बसायला बघतं, त्यात चेंबर खरबरीत किंवा गंजलेलं असेल तर झालंच.

मॅगझिनमधून काडतूस वरच आलं नाही तर ती वेगळी भानगड, तिथे मॅगझिनची स्प्रिंग आणि काडतूस अडवणारे खटके बघायचे. ते बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडेच सोपवलेलं बरं.

तर माझा मित्र. त्याने २८ ग्रॅमची काडतुसं लावली आणि पुंगळ्या बाहेर पडायला लागल्या, गडी खूश. मी म्हटलं थांब, एकच काडतूस भर. बऱ्याच बंदुकांत शेवटचं काडतूस उडालं की बोल्ट मागे अडकून उघडाच राहतो. पुंगळी पडली पण बोल्ट उघडा न राहता पुढे गेला, म्हणजे पुंगळी फेकण्यापुरता मागे आला, शेवटपर्यंत पोचलाच नाही. पाचपैकी तीन वेळा हेच. म्हणजे काडतुसाने फक्त उघडं पाडलं होतं, पाणी मुरत होतं दुसरीकडेच. भोकं साफ, रिंग नवी, टोपी घट्ट. मग बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून बोल्ट हाताने मागे ओढला तर शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात तो चिखलातून ओढल्यासारखा जड आला, आणि सोडल्यावर पुढे गेला तोही आळसावत.

बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग याच्या बंदुकीत दस्त्याच्या आत एका नळकांड्यात असते, दस्ता काढल्याशिवाय दिसतच नाही, म्हणून वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी बघत नाही. कारागिराने दस्ता उतरवून ती बाहेर काढली तर सोबत तपकिरी चिकट लगदा आला, जुनं तेल, काजळी आणि गंज. कारण विचारल्यावर कळलं की साहेब दर वेळी साफ केल्यावर भरपूर तेल सोडायचे आणि बंदूक नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवायचे, आठवडाभर ते तेल सगळी घाण घेऊन खाली दस्त्यात उतरत राहायचं. नळकांडं धुऊन, नवी स्प्रिंग टाकून, तेलाचा नुसता हात फिरवून जोडल्यावर २४ ग्रॅमचा तोच खोका निमूट चालला. आता कपाटात तळाला एक जुना टॉवेल अंथरलाय आणि पहिल्या रात्री बंदूक नळी खाली करून उभी असते.