लक्षणं दिसण्याआधीचा मधुमेह

वारंवार लघवी, सतत तहान, थकवा आणि कारण नसताना घटणारं वजन ही मधुमेहाची चार लक्षणं बहुतेकांना पाठ असतात. ती बरोबरच आहेत. पण ती केव्हा दिसू लागतात, हे फारसं कुणी सांगत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

आपली मूत्रपिंडं दिवसभरात रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातली जवळजवळ सगळी साखर रक्तात परत घेतात. या कामाला मर्यादा आहे. रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की उरलेली साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणीही ओढून नेते. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्लिश डॉक्टरांनी मधुमेही रुग्णाची लघवी आटवून पाहिली, तेव्हा तळाशी साखर उरली होती.

म्हणजे आधी लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं आणि मग घसा कोरडा पडतो. रात्री दोन-तीनदा उठावं लागणारी माणसं ‘हल्ली पाणी जास्त पितो, म्हणून होत असेल’ अशी स्वतःची समजूत घालतात आणि तिथेच फसतात. साखर पेशींत पोचवणारं इन्शुलिन हे संप्रेरक अपुरं पडल्यामुळे पेशींना साखर वापरता येत नाही. शरीर चरबी आणि स्नायू मोडून खातं. भूक चांगली असूनही वजन उतरतं ते यामुळे.

आता दुसरा आकडा बघा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त भरली, तर तो मधुमेह असतो. निदानाची ही रेषा आणि लघवीत साखर उतरण्याची रेषा यांत बरंच अंतर आहे. टाइप २ मधुमेह, म्हणजे सहसा मोठ्या माणसांत आढळणारा प्रकार, या मधल्या पट्ट्यात काही वर्षं गुपचूप राहू शकतो. ‘मला काही त्रास नाही’ हे वाक्य म्हणूनच फार विश्वासाचं नाही.

या काळातही काही खुणा दिसू शकतात. मानेच्या मागची किंवा काखेतली त्वचा काळपट, जाडसर आणि मखमली होते. मळ समजून लोक ती घासत बसतात, पण घासून ती जात नाही; शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. साखर आणखी चढली की जखमा लवकर भरत नाहीत, गळवं येतात, जननेंद्रियांजवळ खाज सुटते. पायांना मुंग्या येतात. डोळ्यांचं तर वेगळंच असतं. साखरेच्या चढउताराने डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो आणि धूसर दिसू लागतं. अशा वेळी घाईने नवा चष्मा केला, तर साखर आटोक्यात आल्यावर तो नंबर बहुधा चुकीचा ठरतो. आधी रक्त तपासावं, चष्मा नंतर.

घरात कुणाला मधुमेह असेल, पोटाचा घेर वाढला असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, तर लक्षणांची वाट न बघता तपासणी करावी. एचबीए१सी या चाचणीला उपाशी राहावं लागत नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज त्यातून येतो. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. त्रास काहीच नसेल, तर पक्क्या निदानासाठी एकाच आकड्यावर न थांबता दुसऱ्या चाचणीने खात्री करून घेतात.

मुलांच्या बाबतीत मात्र एवढा वेळ हातात नसतो. टाइप १ मधुमेह काही आठवड्यांतच उफाळून येतो. अंथरूण ओलं करण्याची सवय सुटलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, सारखं पाणी मागू लागलं, हडकत चाललं, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास किंवा गुंगी यांपैकी काही सोबत असेल, तर रक्तात आम्ल साठत असण्याची शक्यता असते आणि ते जिवावर बेतू शकतं. सकाळची वाट न बघता मुलाला थेट रुग्णालयात न्या.