माणसाळलेला पक्षी नव्या घरी नेताना

पोरगी पुण्याला शिकायला गेली, घरात बाळ आलं, आजोबांना पिसांच्या भुकटीनं दम लागायला लागला. अशा कारणांनी आमच्याकडे पक्षी येतात आणि इथून दुसऱ्या घरी जातात. बहुतेक कॉकटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट (गिऱ्हाइकं ‘कॉकटेल’च म्हणतात, बोलताना आता आम्हीही), थोडे बजी, म्हणजे बजरीगर, ज्यांना निम्मं गाव लव्हबर्ड म्हणतं. पक्षी नेणाऱ्याला आम्ही हा कागद देतो. देणाऱ्यानंही वाचावा.

देणाऱ्याला आधी सांगतो: पिंजरा वेगळा विकू नका. नव्या घरात पक्ष्याच्या ओळखीचं तेवढंच असतं. पिंजरा, वाटी, चालू दाण्याची पिशवी आणि एक चिठ्ठी द्या. रात्री किती वाजता झाकता, कुठल्या शिट्टीला उत्तर देतो, कशाला बिचकतो, सगळं लिहा. तुम्हाला क्षुल्लक वाटतं तेही लिहा.

इथं कोल्हापुरातच कळंब्याचा एक कॉकटील राजारामपुरीत गेला. तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘वाटी भरलेली आहे, पण मलूल बसलाय.’ आम्ही म्हटलं, वाटीवर फुंकर मारा. सगळी टरफलं उडाली, खाली एक दाणा नव्हता! पक्षी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. जुन्या घरी आजी रोज सकाळी वाटी पाखडायच्या, पण ते चिठ्ठीत लिहायचं कुणाला सुचलं नाही.

पहिले काही दिवस खाण्याकडे लक्ष ठेवा. पिंजऱ्याखाली साधा कागद घाला. प्रवासाच्या दिवशी विष्ठा पातळ झाली तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही ती इवलीशी आणि गडद हिरवी असेल, तर पोटात दाणा जात नाही असं समजा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा इथं कामी येतो. कॉकटील साधारण ८० ते १०० ग्रॅम भरतो. नेताना आम्ही वजन लिहून देतो. त्यात दहावा हिस्सा घट झाली, किंवा पक्षी फुगून तळाला बसला, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. पक्षी आजार लपवतो. दिसायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

पिंजरा माणसांच्या वावरातल्या खोलीत, एक बाजू भिंतीला लावून ठेवा. स्वयंपाकघरात मुळीच नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो. फोडणीचा खाट आणि धूप-उदबत्तीही त्याला सोसत नाही. कॉकटील रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यात धडपडतो, म्हणून झिरोचा बल्ब चालू ठेवा. गणपतीच्या दिवसांत आम्ही पक्षी हलवत नाही. मिरवणुकीचा दणदणाट जुन्या पक्ष्यालाही सोसत नाही, नव्याचं तर विचारूच नका.

लगेच हात पुढे करू नका. शेजारी पेपर वाचत बसा, जाळीतून राळ्याचं कणीस धरा. तुरा बघायला शिका. ताठ उभा असेल तर तो सावध आहे किंवा घाबरलाय. डोक्याला चापून बसवलाय आणि फिस्स करतोय, तर हात मागे घ्या. तुरा सैल, एक पाय पोटाशी आणि चोचीची बारीक करकर ऐकू आली, की तो तुमच्या घरात निवांत झाला. कुणी चार दिवसांत रुळतो, कुणी दोन महिने घेतो. पिंजऱ्याबाहेर सोडताना पंखा बंद, खिडक्या बंद.

दाणा बदलायची घाई नको. पावसाळ्यात तो घट्ट डब्यात ठेवा; आपल्याकडच्या जुलैच्या ओलीनं लगेच कुबट वास धरतो, तसा दाणा टाकून द्या. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट विषारी. चिवडा-फरसाणही नको. घरात आधीचा पक्षी असेल तर ३० दिवस दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा.

आपल्याकडचा हिरवा पोपट, म्हणजे मिठ्ठू, आम्ही घेतही नाही, देतही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो पाळणं गुन्हा आहे. असेल तर वनविभागाला १९२६ या हेल्पलाइन नंबरवर कळवा. सन कॉन्यूर किंवा आफ्रिकन ग्रे असा परदेशी पोपट असेल तर केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचा कागद आणा, मालक बदलल्याचीही नोंद करावी लागते. कॉकटील आणि बजीला ही भानगड नाही.

न्यायला सकाळी ११ च्या आत या. अंधार पडायच्या आत त्याला नवं घर नीट बघून होतं.